तिसरा टेक

१

सुलक्षणावर कोणीही विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांच्या मुलीनं ठेवला नाही, सर्जरीतल्या, म्हणजे दवाखान्यातल्या, नर्सनं ठेवला नाही, आणि स्लाऊच्या मराठी मंडळातल्या बायका, ज्या व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही खरं मानतात, त्यांनीसुद्धा ठेवला नाही. चौथी शिकलेली बाई, ती असंच काहीतरी सांगणार, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. या इंग्लंडात तोंडावर कोणी काही म्हणत नाही. 'ओ डिअर' म्हणतात आणि चहाचा कप पुढे सरकवतात.

बरं, तिनं भूत हा शब्द एकदाही काढला नव्हता. ती एवढंच म्हणाली होती, की चमचा वाजला तेव्हा काकांचे हात रिकामे होते.

काका म्हणजे डॉक्टर कमलाकर पाटणकर. वय पंच्याऐंशी. मेडनहेडच्या त्या घरात एकटे. त्यांची बायको आशाकाकू जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि सुलक्षणा तिथे कामाला लागून आठ. रोज सकाळी ती स्लाऊहून गाडीनं यायची. नाश्ता, गोळ्या, आंघोळ, वरणभात, वामकुक्षी. आणि बरोब्बर चार वाजता चहा आणि एक गाणं. एकच. लॉईड कॅरनचं.

चहात साखर ढवळून झाली की काका चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजवायचे. टिंग, टिंग. याचा अर्थ, बिस्किटं विसरलीस. आठ वर्षांत ती बिस्किटं आठवड्यातून चारदा तरी विसरली असेल. तो आवाज तिच्या कानात इतका बसला होता, की झोपेत वाजला असता तरी ती उठून डबा शोधायला गेली असती.

२

लॉईड कॅरन हा अमेरिकन गवई. मेलेला असावा, नक्की कोणाला ठाऊक नाही. काकांनी पंधराव्या वर्षी पुण्यात शेजाऱ्यांच्या रेडिओवर त्याचा आवाज ऐकला आणि तिथून जे लागलं ते लागलं. आशाकाकू म्हणायच्या म्हणे, "माझी सवत आहे ती, फक्त मिशीवाली."

त्याच्या सगळ्या रेकॉर्डी काकांकडे होत्या. दोनशे बारा गाणी, गायली त्या क्रमानं लावलेली. रोज एक वाजवायचं, दोनशे बारा झाली की पुन्हा पहिल्यापासून. आणि गाण्याआधी कीर्तन असायचंच.

"हे बघ, शेहेचाळीस साली हा बँडमध्ये एक कडवं म्हणायचा, बाकी वेळ खुर्चीवर बसून. पन्नासला स्वतःचं नाव कव्हरवर. काय आवाज होता! ओरडायचा नाही. माइकच्या कानात सांगितल्यासारखं गायचा. मग सत्तावन्नला ती गिटारवाली पोरं आली, आणि कंपनीनं याला नारळ दिला."

"मग?"

"एकोणसाठच्या नोव्हेंबरात यानं एकट्यानं स्टुडिओ घेतला. वाजवणारे बोलावले नाहीत. तीन टेक झाले. ते कधी बाहेर आले नाहीत, आणि त्यानंतर तो गायला नाही."

"टेक म्हणजे?"

"एकच गाणं जमेपर्यंत पुन्हापुन्हा म्हणायचं. काचेपलीकडचा माणूस दर खेपेला नंबर पुकारतो. लॉईडचा नेहमी तिसरा टेक ठेवायचे. पहिल्या दोनांत तो नुसता अंदाज घ्यायचा."

हे सगळं काकांच्या जाड वहीत होतं. रकाने आखलेले. गाणं, तारीख, स्टुडिओ, कितवा टेक, शेरा, आणि शेवटचा रकाना, 'माहिती कोणाकडून'. काका त्याबाबतीत फार काटेकोर. ज्यानं जे सांगितलं त्याचं नाव तिथे लिहायचंच. शेवटच्या पानावर तीन ओळी मात्र साठ वर्षं कोऱ्या होत्या.

त्या तीन ओळी भरतील अशी पेटी आश्लेषानं आणली. आश्लेषा काकांची एकुलती एक लेक, कॉव्हेंट्रीत डॉक्टर. वडिलांच्या वाढदिवसाला तिनं कुठल्याशा इंग्रजाच्या घरातलं सामान विकलं जात होतं त्यातून ती घेतली. झाकणावर 'लॉईड कॅरन, नोव्हेंबर १९५९', आत तीन रेकॉर्डी. नेहमीसारख्या नाहीत, आतून पत्र्याच्या, वर काळा लेप. कंपनीचं नाव नाही. गोल कागदावर पेन्सिलीनं नुसते आकडे. एक, दोन, तीन.

काका रडले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस पेटी मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला. आश्लेषानं फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा आनंद किती मोठी आहे!" तिचं मराठी असंच. इथेच जन्मलेली, काय करणार?

३

"तीनही एकदम खायच्या नाहीत," काका म्हणाले. "दर शनिवारी एक."

पहिल्या शनिवारी चार वाजता बाहेर दिवे लागले होते. सुलक्षणा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. बैठकीच्या खोलीत सुई टेकली. खरखर. खुर्ची करकरली. मग टिंग, टिंग.

"आले, आले, आणते बिस्किटं!" ती डबा घेऊन धावली आणि दारात थांबली.

चहा अजून तिच्या ओट्यावर होता. काकांच्या पुढे कप नव्हता, चमचा नव्हता. दोन्ही हात मांडीवर. ते रेकॉर्डकडे बघत होते.

"काका, चमचा कोणी वाजवला?"

"शूः."

रेकॉर्डमधून कोणीतरी घसा साफ केला. एक पुरुष लांबून म्हणाला, "टेक वन." मग शांतता. ती शांतताही रिकामी नव्हती. सुलक्षणाला त्यात घड्याळ ऐकू आलं. फळीवरचं घड्याळ, ज्याचा काटा पाचव्या ठोक्याला अडखळतो. ते समोर अडखळत होतं आणि रेकॉर्डमध्येही अडखळत होतं, पण दोन्हींचं अडखळणं एका वेळी नव्हतं.

आणि मग तो गवई बोलला. गायला नाही. माइकच्या कानात सांगितल्यासारखं म्हणाला, "कमलाकर."

साफ म्हणाला. काना गिळला नाही, जीभ कुठे अडकली नाही. पन्नास वर्षं हॉस्पिटलातले गोरे त्यांना कॅम, कमल, कॅमलकार म्हणत आले. हा मात्र पुण्यातल्या मास्तरानं हजेरी घ्यावी तसा म्हणाला.

काकांचा चेहरा उजळला. ओठ उघडले. 'ओ' बाहेर पडणार एवढ्यात सुलक्षणानं बिस्किटांचा डबा टाकला आणि त्यांच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. रेकॉर्ड शेवटपर्यंत खरखरत गेली. गाणं आलंच नाही.

"वेडी झालीस का?" हात सुटल्यावर काका म्हणाले.

"झाले. तुम्ही आधी ओ देणार नाही म्हणा."

४

ती मूळची गुहागरकडची. तिच्या गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं, की हाक मारणारा दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्याही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं कोणी असेल त्याला तिसरी हाक मारता येत नाही. का येत नाही, ते तिच्या आईला ठाऊक नव्हतं आणि आजीलाही नव्हतं.

काका खो खो हसले. "अगं, मी भूल देणारा डॉक्टर. जन्मभर लोकांना नावानं हाका मारल्या. ऑपरेशन झालं, की कानाशी वाकायचं आणि नाव घ्यायचं. पहिल्या हाकेला ओ दिली, की समजायचं आला परत."

"आणि ज्यानं दिली नाही तो?"

काका हसायचे थांबले. "असे दोघे होते," ते म्हणाले. मग, "तिसऱ्या हाकेला द्यायला हरकत नाही ना?"

"तिसऱ्या हाकेला खुशाल द्या. तो माणूसच."

"लिहून ठेवतो," काका म्हणाले.

सुलक्षणा काही बावळट नव्हती. तिनं आधी माणसांवरच संशय घेतला. फळीवर आश्लेषानं वडिलांवर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला होता. कॉव्हेंट्रीत बसून ती त्यातून बोलायचीसुद्धा. 'बाबा, औषध घेतला का?' करून मधेच ओरडायची. तेव्हा नाव त्यातूनच आलं असणार. बाप घरात एकटा भ्रमिष्ट होतोय असं दाखवायचं, आणि मग त्याला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवायचं. आजकाल लेकी काय काय करतात! पण आवाज पुरुषाचा होता. आणि चमचा?

तिनं स्पीकरच्या मागे हात घालून पाहिलं. वायर ओढून पाहिली. रविवारी काका झोपले असताना पहिली रेकॉर्ड सिंकच्या कडेवर आपटली. फुटली नाही. पत्रा नुसता घुमला, आणि बराच वेळ घुमत राहिला. आतल्या खोलीतून काकांनी झोपेत विचारलं, "कोण?"

तिनं रेकॉर्ड पुसून जागेवर ठेवली.

५

दुसऱ्या शनिवारी ती तयारीत होती. चार वाजता ती कॅमेऱ्याच्या अगदी समोर, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. भिंतीसारखी. बोल म्हणावं आता, माझ्या पाठीतून बोल.

सुई टेकली. खुर्ची. टिंग, टिंग. काकांचा कप अजून भरलेला, चमचा बशीत. नंतर कुकरची शिट्टी. एक, दोन, तीन. सुलक्षणानं मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. कुकर धुऊन पालथा घातलेला होता.

"टेक टू."

मग बाईचा आवाज आला. "कमलाकर." थोडा घोगरा, थोडा चिडका. बिस्किटं विसरल्यावर स्वतःवर चिडावं तसा.

आपला आवाज आपल्याला लवकर ओळखू येत नाही. तिलाही आला नाही. तिनं काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं, कारण काका रेकॉर्डकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

"मी नाही," ती म्हणाली. "काका, शपथ. मी नाही बोलले."

काकांनी ओ दिली नाही. शहाण्या मुलासारखे ओठ मिटून बसले, आणि दोन बोटं वर करून तिला दाखवली. दोन झाल्या.

त्या संध्याकाळी तिनं तिसरी रेकॉर्ड पेटीतून काढली, चपातीच्या पिठाच्या मोठ्या डब्यात तळाशी पुरली आणि वर दहा किलो पीठ ओतलं. काकांनी आठवडाभर घर पालथं घातलं. कपाटं, पलंगाखाली, न्हाणीघर. "सुलक्षणा, तू घेतलीस का?" त्यांनी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "मी काय करू काकूंच्या सवतीचं?" काका हसले नाहीत. खाणं कमी झालं. दुपारी चार वाजता रिकाम्या रेकॉर्ड प्लेअरसमोर नुसते बसायचे, हात मांडीवर ठेवून. खोलीत काहीही वाजत नसायचं, आणि तरी ते मधूनच बोट ओठांवर ठेवून तिला म्हणायचे, "शूः."

६

तिसऱ्या शनिवारी आश्लेषा गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून आली. कोट काढला नाही. फोन सुलक्षणासमोर धरला.

"सुलक्षणाताई, हे काय आहे?"

व्हिडिओत सुलक्षणाची पाठ होती. पाठीमागे काकांचे पाय. खरखर, आणि मग बाईचा आवाज. "कमलाकर." फोनवर ऐकताना सुलक्षणालाही शंका उरली नाही. तिचाच आवाज.

"तुम्ही बाबाला घाबरवता. त्यांचं वजन चार किलो कमी झाली. आणि मला सांगता, रेकॉर्ड बोलते!"

"तो आवाज माझा आहे. पण मी बोलले नाही."

"कॅमेरा खोटा बोलतो का?"

"ताई, तुम्हाला एवढंही कळत नाही? मी काकांचं नाव घेईन? वडिलांसारखा माणूस, त्याला एकेरी कमलाकर म्हणेन? आठ वर्षांत म्हटलं का कधी? जीभ झडेल माझी!"

हा तिचा एकच पुरावा होता. गुहागरात, पुण्यात, कुठेही तो पुरला असता. तेवढं ऐकून कोणीही म्हणालं असतं, खरंय, ही बाई असं म्हणणार नाही. आश्लेषानं नुसते खांदे उडवले.

"सो व्हॉट? केअरर्स फर्स्ट नेमच वापरतात. माझ्या हॉस्पिटलात नाइन्टी इयर ओल्डला पण फर्स्ट नेम. यात काय मोठी गोष्ट?"

"आश्लेषा," खुर्चीतून काका म्हणाले, "ती खोटं बोलत नाही."

"बाबा, प्लीज. सुलक्षणाताई, सोमवारपासून तुम्ही येऊ नका. बाबा माझ्याबरोबर येणार. देअर इज अ होम, फार चांगला आहे."

सुलक्षणाचं डोकं फिरलं. होमचं ऐकून फिरलं, का दोन आठवडे सगळ्यांनी वेड्यात काढलं त्यानं फिरलं, ते तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. ती स्वयंपाकघरात गेली, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिठानं माखलेली तिसरी रेकॉर्ड घेऊन आली. पदरानं पुसली.

"लावा. तुमच्या हातानं लावा. आणि माझं तोंड धरा, घट्ट. मग सांगा कोण बोलतंय."

"हे सिली आहे."

"धरा म्हणते ना!"

काकांनी रेकॉर्ड पाहिली आणि खुर्चीत ताठ बसले. केसांवरून हात फिरवला. चार वाजायला दोन मिनिटं होती.

आश्लेषानं सुई ठेवली. सुलक्षणाच्या मागे येऊन तिच्या तोंडावर तळवा दाबला. तळव्याला गाडीच्या स्टिअरिंगचा वास होता.

खरखर. खुर्ची. टिंग, टिंग. आश्लेषाची मान वळली. वडिलांचे हात मांडीवर होते, टेबलावर कप नव्हता.

मग रेकॉर्डमध्ये चौघांचा श्वास ऐकू आला. सुलक्षणानं मोजला. खोलीत ते तिघंच होते.

"टेक थ्री."

घड्याळ पाचव्या ठोक्याला अडखळलं. या वेळी दोन्हींकडे एकदम.

"बाबा."

लहान मुलीचा आवाज. सहा-सात वर्षांची असेल. जिन्याच्या वरून मारावी तशी, थोडी झोपेतली हाक. सुलक्षणाच्या तोंडावरचा तळवा एकदम गार पडला आणि गळला.

"ते मी आहे," आश्लेषा कुजबुजली. "पण मी... मी तर इथे आहे."

काकांनी सुलक्षणाकडे पाहिलं. धडा पाठ करून आलेला मुलगा बाईंकडे बघतो तसं. तीन बोटं वर केली. सुलक्षणानं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि दोन-तीन क्षण तिच्या घशातून काही बाहेरच पडेना. जणू तो आवाज आधीच कुठेतरी वापरून झाला होता.

"ओ," काका म्हणाले. "आलो गं."

ते खुर्चीतून हलले नाहीत. पण सपाता चालल्या. डावी उचललेली, उजवी फरपटत, काकांचीच चाल. गालिच्यावर नव्हे, स्पीकरमध्ये. दूर दूर जात राहिली. एक जाड दार हळूच मिटलं, गादी लावलेल्या दारासारखं. आणि त्या तीन रेकॉर्डींत पहिल्यांदा कोणीतरी गाण्यासाठी श्वास घेतला.

पहिला सूर लागता लागता सुलक्षणानं सुई उपटली. तो कोणाचा होता ते तिनं ऐकलं असेल. सांगत नाही.

७

"हार्ट," ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले. "त्यांचं वय पाहता." आणि आश्लेषाला 'आय ॲम सो सॉरी'.

आता सगळे विश्वास ठेवतात. आश्लेषानं मंडळातल्या बायकांसमोर रडत रडत सांगितलं, सुलक्षणाताई बरोबर होत्या, मी ऐकला नाही. बायकांनी सुलक्षणाचे हात हातात घेतले. नर्सचं कार्ड आलं. ज्या गोष्टीसाठी तिनं आकाशपाताळ एक केलं, ती अशी आयती पदरात पडली.

तेराव्यानंतर दोघी मिळून घर आवरायला गेल्या. तिन्ही रेकॉर्डी आश्लेषानं टॉवेलमध्ये गुंडाळल्या होत्या. "मी आणली ती पेटी," ती म्हणाली. "चूक माझा आहे. तुम्ही मला शिव्या द्या."

"तुम्ही वडिलांना वाढदिवसाची भेट दिलीत," सुलक्षणा म्हणाली. "तुम्हाला कशाला शिव्या?"

आश्लेषा वर कपाटं रिकामी करायला गेली. सुलक्षणानं जाड वही उघडली. शेवटच्या पानावरच्या तीन ओळी आता कोऱ्या नव्हत्या. पहिलीत आणि दुसरीत तारीख, टेकचा आकडा, आणि शेरा, 'ओ दिली नाही'. काकांचं अक्षर डॉक्टरांसारखं नव्हतं. मोत्यासारखं होतं. चौथी शिकलेल्या बाईला न अडखळता वाचता यावं असं.

तिसरी ओळ त्यांनी आधीच भरून ठेवली होती. रेकॉर्ड पिठात पुरलेली असताना, रिकाम्या प्लेअरसमोर बसून. टेक तीन. शेरा, 'तिसऱ्या हाकेला ओ द्यायला हरकत नाही. तो माणूसच असतो.'

वर आश्लेषा जिन्याच्या तोंडाशी येऊन काहीतरी विचारत होती. सुलक्षणानं उत्तर दिलं नाही. तिचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं. 'माहिती कोणाकडून'. त्याखाली, शाई जराही न पसरता, एकच नाव लिहिलेलं होतं.

सुलक्षणा.